२४ फुटी बोट ट्रेलरवरून पाण्यात उतरवणं आणि परत चढवणं : घरापासून घरापर्यंत

डेट्रॉइटच्या जवळ हॅरिसन टाऊनशिपला लेक सेंट क्लेअरच्या काठावर हार्ली एन्साईन नावाचा सरकारी बोट रॅम्प (पाण्यात उतरत जाणारा काँक्रीटचा उतार) आहे, मी बहुतेक वेळा तिथूनच बोट पाण्यात घालतो. गेल्या दोन तीन वर्षांत आपल्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांनी बोटी घेतल्या, आणि मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते मासे कुठे मिळतात हे नाही, तर "रॅम्पवर भीती वाटते रे, कसं करतोस तू?" हे. भीती वाटणं बरोबरच आहे. १६ फुटी ॲल्युमिनियमची बोट वाकडी आली तर दोघं जण गुडघाभर पाण्यात उतरून ढकलून सरळ करतात. मोठी बोट हाताने ऐकत नाही, तिला पाण्याने आणि उताराने सांगावं लागतं, आणि त्यासाठी सगळी तयारी आधी झालेली पाहिजे. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढतोय.

आधी वजनाचं. माझी बोट २४ फुटी, मागे एक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या बाहेर मागे लावलेलं इंजिन. इंजिनसकट बोट ४,८०० पौंड, टाकीत १०० गॅलन पेट्रोल असलं तर त्याचे ६०० (गॅलनला सहा पौंड धरायचे), बॅटऱ्या नांगर साखळी कूलर लाइफ जॅकेटं मिळून ३०० आणि डबल ॲक्सलचा ॲल्युमिनियम ट्रेलर १,३०० च्या आसपास. झाले ७,००० पौंड, म्हणजे जवळजवळ ३,२०० किलो. बोटीच्या कॅटलॉगमध्ये जे वजन छापलेलं असतं त्यात पेट्रोल नसतं आणि आउटबोर्डवाल्या बोटींचं तर कित्येकदा इंजिनही धरलेलं नसतं, त्यामुळे त्या आकड्यावर गाडी निवडू नका. ट्रक स्टॉपवर वजनकाटा असतो, थोडे डॉलर देऊन एकदा पूर्ण भरलेली बोट तोलून घ्या. मग गाडी, हिच (गाडीच्या मागची ट्रेलर जोडायची जागा), बॉल (हिचवरचा गोळा) आणि कपलर (त्या गोळ्यावर बसणारं ट्रेलरचं पुढचं टोक) या चारही गोष्टींवर लिहिलेली मर्यादा बघा, त्यातली सगळ्यात कमी जी असेल तीच तुमची खरी मर्यादा. बॉल २ इंची आहे का २ आणि ५/१६ इंची आहे हे कपलरवर छापलेलं असतं, मोठ्या कपलरमध्ये छोटा बॉल बसल्यासारखा वाटतो पण खड्ड्यात उसळून बाहेर येतो. एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार पुढे बॉलवर यायला हवा, त्यापेक्षा फार कमी असला तर हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ८ फूट ६ इंचांपर्यंत रुंद बोट वेगळ्या परमिटशिवाय रस्त्यावरून नेता येते. २४ फुटी बोटी बऱ्याचदा बरोब्बर त्याच मापाच्या असतात, म्हणजे लेनमध्ये दोन्ही बाजूंना फारशी जागा उरत नाही हे लक्षात ठेवून चालवायचं.

निघायच्या आधी घरी

टायरची हवा थंड असताना तपासा आणि टायरच्या कडेला जो आकडा लिहिलाय तेवढी पूर्ण भरा, ट्रेलरच्या टायरला गाडीसारखी थोडी कमी हवा ठेवायची नसते. टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. रबर नवीन दिसत असलं तरी टायर पाच सहा वर्षांचा झाला असेल तर बदला, कारण ट्रेलरचे टायर झिजून कमी आणि उभे राहून जास्त खराब होतात. साखळ्या कपलरच्या खालून एकमेकींना क्रॉस करून लावायच्या म्हणजे कपलर निसटलाच तर पुढचा दांडा रस्त्यावर न आदळता साखळ्यांच्या झोळीत पडतो. ब्रेकअवेची केबल (ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक लावणारी) वेगळी लावायची, साखळीला गुंतवायची नाही. लाइट, ब्रेक, इंडिकेटर कुणालातरी मागे उभं करून बघून घ्या. बोट मागून दोन पट्ट्यांनी ट्रेलरला आवळलेली, पुढे विंचचा (हँडलने फिरवून बोट ओढायच्या रहाटाचा) पट्टा आणि त्याशिवाय नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, कडीला वेगळी सेफ्टी साखळी. विंचच्या एकट्या पट्ट्यावर कधीच विसंबायचं नाही.

पहिल्या दहा मैलांवर एकदा थांबा आणि चारही चाकांच्या हबला (चाकाच्या मधल्या, बेअरिंग असलेल्या भागाला) हाताचा मागचा भाग लावून बघा. कोमट लागणार, ते ठीक. एकच हब बाकीच्यांपेक्षा चटका देत असेल तर बेअरिंग जातंय किंवा ब्रेक धरून राहिलाय, तसंच पुढे जाऊ नका.

रॅम्पवर नाही, पार्किंगमध्ये

सगळी तयारी पार्किंगमध्ये करायची आणि रॅम्पची लेन फक्त मागे घ्यायला आणि तरंगवायला वापरायची. शिष्टाचार तर आहेच, मागे दहा गाड्या उभ्या असतात, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे उतारावर, मागून हॉर्न वाजत असताना माणूस काहीतरी विसरतोच.

मी बोटीभोवती एक फेरी मारतो, नेहमी मागून सुरुवात, नेहमी घड्याळाच्या दिशेने. सगळ्यात आधी ड्रेन प्लग, म्हणजे बोटीतलं पाणी सोडायच्या तळाच्या भोकाचं बूच. तो हाताने फिरवून बघायचा, नुसता दिसला म्हणून पुढे जायचं नाही. मग मागचे दोन्ही पट्टे काढायचे, इंजिन पूर्ण वर उचलायचं आणि प्रवासात त्याच्याखाली लावलेला आधार काढून घ्यायचा. त्यानंतर दोर, एक नाळेला, एक मागे, दोन्ही आत्ताच बांधायचे, आणि धक्का (जेटी) ज्या बाजूला येणार त्या बाजूला फेंडर, म्हणजे आपटू नये म्हणून लावायच्या हवेच्या उशा, टांगायचे. बॅटरीचा स्विच चालू करून बिल्ज (बोटीचा आतला तळ) उपसणाऱ्या पंपाचा आवाज ऐकायचा. कूलर, पिशव्या, पोरांचे कपडे, जे काही गाडीतून बोटीत जायचंय ते आत्ता. इंजिन आतल्या बाजूला असेल, म्हणजे इनबोर्ड किंवा स्टर्नड्राइव्ह, तर पाण्यात गेल्यावर स्टार्ट करायच्या आधी ब्लोअर (आतली हवा बाहेर फेकणारा पंखा) चार मिनिटं चालवायचाच, बंद जागेत साठलेली पेट्रोलची वाफ हा चेष्टेचा विषय नाही.

विंचचा पट्टा आणि नाळेची साखळी मात्र लावलेलीच ठेवायची. हे मी जोर देऊन सांगतोय कारण मी स्वतः बघितलंय. एका माणसाने वेळ वाचवायला वरच पट्टा सोडला, त्याचा ट्रेलर रोलरवाला होता (बोट फिरत्या रुळांवर टेकलेली), गाडी उतारावर मागे वळली आणि त्याने ब्रेक दाबला तशी त्याची बोट, माझ्यापेक्षाही मोठी, शांतपणे मागे घरंगळून कोरड्या काँक्रीटवर उतरली. फायबरचा खरवडण्याचा तो आवाज अजून कानात आहे. कुणाला लागलं नाही हे नशीब, पण ती बोट तिथून उचलायला क्रेन लागली.

या सगळ्यात पंधरा वीस मिनिटं जातात आणि ती जायलाच पाहिजेत, कारण तेवढ्यात हब थंड होतात. तापलेला हब एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं, मग ग्रीसमध्ये पाणी आणि पुढच्या सीझनला बेअरिंगचा चुरा.

ट्रेलरच्या लाइटची गाडीला जोडलेली वायर पाण्यात जाण्याआधी काढावी का, हा नेहमीचा प्रश्न. जुने साधे बल्ब असतील तर काढा, गरम बल्बला थंड पाणी लागलं की तडकतो. पण तुमच्या ट्रेलरला सर्ज ब्रेक असतील आणि त्या वायरच्या प्लगला पाचवी पिन असेल तर थांबा. सर्ज ब्रेक म्हणजे ट्रेलर गाडीला मागून ढकलायला लागला की आपोआप लागणारे ब्रेक, आणि मागे घेताना गाडी ट्रेलरला ढकलते म्हणजे ब्रेकला वाटतं हीच ती वेळ. ती पाचवी पिन गाडीच्या रिव्हर्स लाइटकडून करंट घेऊन ब्रेक मोकळे करते. प्लग काढला की डिस्क ब्रेकवाला ट्रेलर मागे जाताना अडतो, खास करून थोडा चढ असला तर, आणि माणूस समजतो गाडीत दम नाही. एलईडी सीलबंद लाइट असतील तर प्लग राहू द्या.

माणसं कोण काय करणार हेही इथेच ठरवायचं. माझं आजोळ देवगडकडचं. तिकडे पावसाच्या आधी होड्या किनाऱ्यावर वर ओढून शाकारून ठेवतात, पावसाळ्यात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदच असते. खाली ओंडके, दोराला वीस पंचवीस माणसं, आणि आवाज देणारा एकच, तो म्हणेल तेव्हा ओढायचं आणि तो म्हणेल तेव्हा सोडायचं, बाकी कुणी तोंड उघडत नाही. रॅम्पवर आमचंही तसंच. बायको मागे धक्क्यावर उभी राहते, हाताच्या तीनच खुणा, ये, थांब, आणि या बाजूला. तिचा चेहरा मला आरशात दिसेनासा झाला की मी थांबतो, मग ती काही म्हणो ना म्हणो. ओरडून काही ऐकू येत नाही, इंजिन चालू, वारा चालू, आणि दोघांची भांडणं फुकटची.

मागे घेणं

लांब ट्रेलर मागे घ्यायला सोपा असतो, छोटा अवघड. छोटा चटकन वळतो आणि दुमडतो, मोठा हळू प्रतिसाद देतो म्हणून तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा, सहाच्या काट्यावर, आणि ट्रेलरची मागची बाजू जिकडे न्यायची तिकडे हात सरकवा, उजवीकडे हात तर ट्रेलर उजवीकडे. स्टिअरिंग फिरवायचं अगदी थोडं, मग वाट बघायची, ट्रेलर वळायला लागला की लगेच परत सरळ करायला सुरुवात. नवशिके स्टिअरिंग जास्त फिरवतात आणि परत उशिरा आणतात, त्यातूनच ट्रेलर नागमोडी जातो. वाकडं झालंय असं वाटलं तर मागे जाता जाता सुधारायच्या नादी लागू नका, दहा फूट पुढे घ्या, सरळ होईल, परत या. आरसे खाली झुकवून ट्रेलरच्या दोन्ही बाजूंचे मडगार्ड दिसतील असे लावा. हे सगळं एखाद्या रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये दोन तास करून बघा, मी पहिल्या वर्षी तसंच केलं होतं आणि त्या दोन तासांनी जेवढं शिकवलं तेवढं महिनाभराच्या रॅम्पने शिकवलं नाही.

उतारावर गाडी लो रेंजच्या फोर व्हील ड्राइव्हमध्ये. पाण्याच्या रेषेजवळ काँक्रीटवर शेवाळ असतं, गाडीची मागची चाकं शक्यतो त्याच्या वर, कोरड्यावर राहू द्या. मागे घेताना खिडक्या उघड्या, माझ्याशिवाय गाडीत कुणी नाही, आणि बोटीतही फक्त जो चालवणार तोच. थांबल्यावर पार्क, हँडब्रेक, आणि मगच गाडीतून उतरायचं. मी मागच्या चाकाखाली एक लाकडी ठोकळाही लावतो, त्याला दोर बांधलेला आहे म्हणजे निघताना तिथेच राहून जात नाही.

पाण्यात उतरवणं

आता घाई करायची नाही. आधी एवढंच मागे घ्या की इंजिनचा खालचा भाग पाण्यात जाईल पण बोट अजून ट्रेलरवर बसलेली असेल. बोटीवरचा माणूस इंजिन खाली करतो, स्टार्ट करतो, आणि मागून पाण्याची बारीक धार येते का बघतो, धार आली म्हणजे इंजिनला थंड करणारं पाणी फिरतंय. मिनिटभर चालू द्या. इंजिन सुरूच झालं नाही तर काय? काही नाही, बोट ट्रेलरवरच आहे, गाडी पुढे घेतली की विषय संपला. आधी बोट सोडून मग इंजिन बंद पडलं तर तीन टन बोट वाऱ्यावर, आणि शेजारच्या लेनमध्ये कुणाची तरी नवी कोरी बोट.

याच वेळी आत बिल्जमध्ये डोकावून पाणी येतंय का तेही बघून घ्यायचं.

सगळं ठीक असेल तर नाळेचा दोर माणसाच्या हातात, साखळी काढायची, विंचचा पट्टा थोडा सैल करून कडीतून सोडायचा, आणि मग गाडी अजून थोडी मागे. मागची बाजू उचलली जाताना दिसते, आधी हलकेच डोलते, मग सगळी बोट मोकळी होते. बोटीवरचा माणूस गिअर रिव्हर्समध्ये टाकून हळूच मागे येतो, किंवा वारा असेल तर दोरानेच धक्क्याला घ्यायची. ब्रेक मारून झटका देऊन बोट उडवणारे लोक असतात, छोट्या बोटीला चालतं म्हणतात, मोठीला कधीच करू नका. बोट धक्क्याच्या अगदी टोकाला नेऊन बांधायची, लेन रिकामी, गाडी लगेच पार्किंगमध्ये.

एक नियम आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे, बोट आणि धक्क्याच्या मध्ये हात नाही, पाय नाही. बोट हळू येत असते म्हणून वाटतं हाताने थोपवू. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना त्याने असाच हात पुढे केला, बायकोने दंड धरून मागे ओढला म्हणून वाचला, आणि फेंडर असा चपटा झाला की त्या जागी त्याचा पंजा कसा झाला असता ते बघून आम्ही दोघंही तिथेच खाली बसलो. ओरखडा दुरुस्त होतो. लागू द्या बोटीला.

पाण्यावर असताना किल स्विचची (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला लावलेली हवी, २६ फुटांच्या आतल्या बहुतेक बोटींना वेगात चालवताना २०२१ पासून हा केंद्रीय कायदाच आहे.

परत चढवणं

संध्याकाळी सगळे दमलेले, ऊन डोक्यात गेलेलं, आणि लेक सेंट क्लेअरला दुपारनंतर वारा उठतो. हा तलाव उथळ आहे, सरासरी खोली साधारण ११ फूट, त्यामुळे वारा आला की लाटा आखूड आणि उभ्या येतात आणि रॅम्पपाशीही बोट एका जागी राहत नाही. म्हणून मोठी बोट चढवताना पहिलं काम म्हणजे वारा कुठून येतोय ते बघणं.

सगळ्यांना धक्क्यावर उतरवा. ट्रेलर मागे घ्या, आधी जरा जास्त खोल, म्हणजे बंकवरचं (बोट ज्यावर टेकते त्या ट्रेलरच्या लांब फळ्यांवरचं) कार्पेट सगळं ओलं होतं, कोरड्या कार्पेटवर बोट घासून अडते. मग पुढे घेऊन योग्य खोलीवर आणा. योग्य खोली म्हणजे किती, तर माझ्या ट्रेलरला मडगार्डचा वरचा भाग पाण्याच्या जेमतेम खाली गेला की बरोबर. रॅम्पच्या उताराप्रमाणे हे थोडं बदलतं. चांगले रॅम्प साधारण १२ ते १५ टक्के उताराचे असतात, त्यापेक्षा सपाट असला तर अजून मागे जावं लागतं. मी एकदा बोट अगदी मनासारखी बसली तेव्हा उतरून मागच्या उभ्या गाइडवर (बोट मध्ये आणायला ट्रेलरच्या दोन्ही कडांना लावलेल्या खांबांपैकी एकावर) पाण्याच्या रेषेपाशी निळी टेप गुंडाळली. आता घरच्या रॅम्पवर टेप पाण्याला टेकली की बायको हात वर करते, अंदाज संपला.

लोकांची चूक नेहमी एकच, ट्रेलर फार खोल घालणं. वाटतं जितकं पाणी जास्त तितकी बोट सहज येईल. येते सहज, पण बंक खाली राहतात, बोट वर तरंगत इकडे तिकडे फिरते, आणि गाडी वर काढताना जिथे असेल तिथे वाकडी बसते. थोडं कमी पाणी असलं की पुढचा भाग बंकला टेकतो आणि बंकच बोटीला मधोमध आणतात.

बोट आणताना वेग म्हणजे नुसता आयडल, तोही मध्ये मध्ये. गिअरमध्ये टाका, दोन सेकंद, न्यूट्रल. लक्षात ठेवा न्यूट्रलमध्ये बोट वळत नाही, आउटबोर्डला सुकाणू पंख्याच्या (प्रोपेलरच्या) ढकलण्यातूनच मिळतं, म्हणून वळवायचं असेल तर आधी स्टिअरिंग फिरवायचं मग गिअर. आडवा वारा असेल तर ज्या बाजूने वारा येतोय त्या बाजूच्या गाइडकडे नाळ धरा, वारा तुम्हाला मध्ये आणून सोडतो. थेट मध्यावर नेम धरला तर पोचेपर्यंत तुम्ही दुसऱ्या गाइडच्या बाहेर असता. जमत नाहीये असं वाटलं तर रिव्हर्स, बाहेर, परत एकदा. माझं वाऱ्याच्या दिवशी तीन वेळा होतं, लोक बघतात, बघू दे.

नाळ बंकमध्ये शिरून थांबली की इंजिनच्या जोराने वर रेटायचा मोह होतो. बऱ्याच रॅम्पवर त्याला मनाई असते आणि मनाई योग्य आहे, पंख्याच्या पाण्याने काँक्रीट संपतं तिथला तळ उकरला जातो आणि खड्डा पडतो, मग कुणाच्या तरी ट्रेलरची चाकं त्या टोकावरून खाली जातात. शेवटचे दोन एक फूट विंचने घ्यायचे. विंच फिरवताना पट्ट्याच्या सरळ रेषेत उभं राहू नका आणि तोंड हँडलच्या वर नको, पट्टा तुटला किंवा हँडल उलटलं तर तिथेच बसतं. फारच जड लागत असेल तर जोर लावू नका, ट्रेलर एक फूट मागे घ्या.

नाळ रबरी स्टॉपला टेकली, पट्टा ताठ, साखळी लावली. आता इंजिन बंद आणि पूर्ण वर. हे विसरलं की वर येताना इंजिनचं खालचं टोक काँक्रीटवर घासत येतं.

गाडी सावकाश वर घ्या आणि मागची बाजू पाण्याबाहेर येताच थांबून उतरून बघा. बोट मधोमध आहे का, दोन्ही बाजूंना बंक सारखे दिसतात का, नाळ आणि स्टॉपमध्ये फट पडली का. चढावर बोट थोडी मागे बसते, पट्टा सैल होता तर चार इंचांचीही फट पडते. कोरड्यावर विंचने ती फट भरून निघत नाही. परत पाण्यात न्या आणि नीट करा, पाच मिनिटं लागतात. वाकडी बसलेली बोट तशीच हायवेवर नेली तर सगळा भार एका बाजूच्या टायरवर आणि तळाच्या एकाच पट्ट्यावर येतो.

वर आल्यावर

लेन सोडून बाजूला जा आणि मगच पट्टे. मागचे पट्टे चांगले आवळा, इंजिनखालचा आधार लावा, पडलेलं बूच, टोपी, टॉवेल असं काही उडणारं असेल ते आत.

मग ड्रेन प्लग काढा. मिशिगनमध्ये २०१९ पासून कायदा आहे, रस्त्यावर निघायच्या आधी प्लग काढून बिल्ज आणि माशांच्या टाकीतलं सगळं पाणी सोडायचं, आणि बोटीला ट्रेलरला चिकटलेलं गवत काढायचं. याच लेक सेंट क्लेअरमध्ये १९८८ साली झेब्रा शिंपले पहिल्यांदा सापडले, जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून युरोपकडून आलेले, आणि तिथून देशभरच्या तलावांत पसरायला आपल्यासारख्यांचे ट्रेलरच कारणीभूत ठरले. ॲक्सलवर, बंकच्या खाली, पंख्याच्या मागे गवताची एक काडी अडकलेली असते, तिच्यावर तांदळाच्या कणीएवढे शिंपले असू शकतात. हात घालून काढा. दुसऱ्या तलावात जाणार असाल तर मधे बोट पूर्ण वाळू द्या.

न्यू जर्सी किंवा फ्लोरिडावाल्यांसाठी एक जादा काम, खाऱ्या पाण्यातून आलात तर घरी पोचताच ट्रेलरचे ब्रेक, स्प्रिंगा आणि चाकांच्या आतली बाजू गोड्या पाण्याने धुवा, त्याच संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी मीठ वाळलेलं असतं.

घरी ट्रेलर लावला की जॅकने पुढची बाजू थोडी उंच ठेवायची म्हणजे राहिलेलं पाणी मागून गळून जातं. आणि काढलेला प्लग मी बादलीत की खणात टाकत नाही, दोरीने इंजिनच्या किल्लीला बांधून स्टिअरिंगवर लटकवतो, पुढच्या वेळी जो कोणी किल्लीला हात लावेल त्याच्या हातात आधी प्लग येतो.